खारपाणपट्ट्यातून ध्रुवीय समुद्र: आधी पाणी ओळखायचं, मग त्यातले जीव

दर्यापूर तालुक्यात शिकवायला आलो त्या पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट लक्षात आली. इथे कुणी नुसतं ‘पाणी’ म्हणत नाही. विहिरीचं खारं, नळाचं गोडं, शेततळ्यातलं पावसाचं, असं त्याचं मूळ सांगूनच बोलणं पुढे जातं. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत हा खारपाणपट्टा पसरला आहे. इथला शेतकरी ओंजळभर पाणी तोंडात घेऊन सांगतो की हे वर्षानुवर्षं दिलं तर जमीन चोपण होईल. पाणी कुठून आलं यावरून त्यात काय असेल आणि त्यावर काय जगेल हे तो ठरवतो.

आर्क्टिक आणि अंटार्क्टिकच्या समुद्रात प्लवक, म्हणजे पाण्याबरोबर वाहणारे बारीक जीव, आणि जिवाणू यांचा अभ्यास करणारेही याच प्रश्नापासून सुरुवात करतात. नकाशावरची जागा त्यांना लागतेच, पण त्याआधी ते विचारतात की हे पाणी मूळचं कुठलं. एकाच ठिकाणी दोरी सोडली तर ५० मीटरवर एक पाणी, ३०० मीटरवर दुसरं आणि तळाशी तिसरं लागतं, आणि तिन्हींतली सूक्ष्मजीवांची वस्ती वेगवेगळी असते. हा विषय मी गेली काही वर्षं आठवी-नववीच्या मुलांना आणि सुट्टीत घरी येणाऱ्या बीएस्सीच्या पोरांना शिकवतो आहे. समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर आहे, तरी बरणी, मीठ, आलेखाचा कागद आणि गावातलं पाणी एवढ्यावर पुष्कळ मजल मारता येते. ज्या क्रमानं मी शिकवतो, त्याच क्रमानं खाली लिहितो. क्रम मोडू नका. जीव पहिल्या दिवशी दाखवायचा मोह होतो, पण पाणी कळल्याशिवाय जीव कळत नाहीत.

सुरुवातीला एकच शब्द: जलराशी

एका ठिकाणी, एका प्रकारच्या हवामानात तयार झालेलं आणि तिथलं तापमान आणि क्षारता सोबत घेऊन निघालेलं पाणी म्हणजे जलराशी. पृष्ठभागावर असताना ऊन, वारा, पाऊस, बर्फ या सगळ्यांचा पाण्यावर परिणाम होतो. एकदा ते खाली गेलं की हवेशी संबंध तुटतो. मग शेजारच्या पाण्यात मिसळल्यानं जेवढा बदल होईल तेवढाच. म्हणून शेकडो किलोमीटरवर आणि कित्येक वर्षांनीही त्याचं मूळ ओळखता येतं.

मुलांना मी लग्नाच्या वऱ्हाडाचं उदाहरण देतो. एका गावाहून निघालेली माणसं दुसऱ्या गावात उतरली तरी त्यांची बोली आणि खाणंपिणं काही काळ वेगळं राहतं. मांडवाच्या कडेला मात्र दोन्हीकडची माणसं मिसळलेली दिसतात. समुद्रातही जलराशीच्या कडा अशाच सरमिसळ झालेल्या असतात, आणि पुढे येईलच की गमतीचे जीव बरेचदा त्या कडांवरच सापडतात.

पायरी पहिली: बरणीत दोन पाणी

लागणारं सामान: लोणच्याची मोठी पारदर्शक बरणी, बारीक मीठ, खाण्याचे दोन रंग, एक फनेल आणि ठिबकची मायक्रोट्यूब. मायक्रोट्यूब कुठल्याही शेतकऱ्याकडे हातभर मिळते आणि या प्रयोगाचा जीव तीच आहे.

एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवा. किराणा दुकानातल्या काट्यावर मोजून घ्या. काटा नसेल तर चहाचे सहा सपाट चमचे धरा. समुद्राच्या पाण्यात एका किलोमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, त्याच्या जवळपास हे जातं. या पाण्याला निळा रंग द्या. बरणीत अर्ध्यापर्यंत साधं, लाल रंगाचं पाणी घ्या. आता मायक्रोट्यूबचं एक टोक बरणीच्या तळाला टेकवा, दुसऱ्या टोकाला फनेल लावा आणि निळं पाणी अगदी सावकाश सोडा. घाई केली की सगळं जांभळं होतं. माझ्या वर्गात पहिल्या तीन गटांचं तसंच झालं होतं.

नीट जमलं तर निळं पाणी तळाशी पसरतं आणि लाल पाणी वर उचललं जातं. मधली रेघ तासन् तास टिकते. बरणी हळूच डावी-उजवीकडे कलवा. रेघेवर मोठी, संथ लाट उठते आणि वरचा पृष्ठभाग जवळपास स्थिरच दिसतो. समुद्राच्या पोटात अशाच लाटा चालतात.

पावसाळ्यानंतर हाच प्रयोग विहिरीवर करा. दोरीला बाटली बांधा, झाकणालाही वेगळी दोरी लावा आणि खाली नेऊन झाकण ओढा. वरचं पाणी आणि तळाचं पाणी टीडीएस मीटरनं, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार सांगणाऱ्या यंत्रानं, मोजा. आमच्याकडे तळाचा आकडा वरच्यापेक्षा चांगलाच मोठा आला होता. विहिरीच्या काठावर मुलांना एकटं सोडू नका, आणि कठडा नसेल तर त्या विहिरीवर जाऊच नका.

पायरी दुसरी: गरम पाणी खाली बसू शकतं

इथे मोठ्यांचाही गोंधळ होतो, म्हणून थोडा वेळ द्या. गरम पाणी वर आणि थंड खाली हे आपण आंघोळीच्या बादलीत पाहिलेलं असतं. आता मिठाचं पाणी कोमट करा, आणि साधं पाणी बर्फ घालून शून्य-एक अंशापर्यंत थंड करा. बर्फ काढून घ्या. थंड गोडं पाणी बरणीत आधी घ्या आणि कोमट खारं पाणी मायक्रोट्यूबनं तळाशी सोडा.

कोमट पाणी तळाशीच राहतं. गेल्या वर्षी एका पोरीनं बरणीला वर आणि खाली हात लावून पाहिला आणि विचारलं, “सर, गरम पानी खाली काहून बसलं?” तेव्हा मी तिला नान्सेनची गोष्ट सांगितली. नॉर्वेचा फ्रिट्योफ नान्सेन १८९३ साली ‘फ्राम’ नावाचं जहाज मुद्दाम आर्क्टिकच्या बर्फात अडकवून घेऊन निघाला. बर्फ नेईल तिकडे जहाज जाणार होतं. १८९६ पर्यंतच्या त्या प्रवासात त्यानं बर्फाखालचं पाणी मोजलं. गोठणबिंदूजवळच्या थंड थराखाली त्याला शून्याच्या वर तापमान असलेलं, जास्त खारं पाणी सापडलं. ते अटलांटिक महासागरातून आलेलं होतं. थंडगार गोडसर पाण्याची रजई पांघरून ते आर्क्टिकच्या पोटात शिरलं होतं.

कारण साधं आहे. पाणी गोठणबिंदूच्या जवळ असताना तापमान दोन-चार अंशांनी बदललं तरी घनता फारशी बदलत नाही. क्षारता बदलली की घनता लगेच बदलते. म्हणून ध्रुवीय समुद्रात कोण वर आणि कोण खाली हे मुख्यतः मीठ ठरवतं. आर्क्टिकमध्ये तर हे फारच ठळक दिसतं, कारण जगातल्या समुद्राच्या पाण्याचा जेमतेम एक टक्का या महासागरात आहे, आणि जगभरच्या नद्यांचं सुमारे दहा टक्के पाणी ओब, येनिसे, लेना, मॅकेंझी यांच्यासारख्या नद्यांतून त्याच्यात येऊन पडतं.

पायरी तिसरी: गोठवा आणि मोजा

कोल्ड्रिंकच्या दुकानातला किंवा कुणाच्या घरचा फ्रीजर वापरा. ३५ ग्रॅमवालं अर्धा लिटर पाणी स्टीलच्या वाटग्यात ठेवा. ते शून्यावर गोठत नाही. समुद्राचं पाणी उणे १.९ अंशांच्या आसपास गोठतं. तासा-तासानं बघा. निम्मं गोठलं की उरलेलं पाणी ओतून घ्या, बर्फावरून पटकन थोडं गार पाणी फिरवा आणि बर्फ वेगळा वितळवा. दोन्हींचं टीडीएस मोजा.

इथे एक व्यवहारातली अडचण येते. आरओवाल्याकडचा स्वस्त मीटर १० हजारांच्या आत थांबतो आणि समुद्राइतकं खारं पाणी त्याच्या टप्प्यात बसत नाही. म्हणून एक वाटी नमुन्यात नऊ वाट्या आरओचं पाणी घालून मोजा आणि आकड्याला १० नं गुणा.

बर्फ कमी खारा निघतो, उरलेलं पाणी जास्त खारं. बर्फ अगदी गोडा मात्र निघणार नाही, कारण घाईनं गोठताना खाऱ्या पाण्याचे बारीक कप्पे आत अडकतात. समुद्रातल्या बर्फातही हेच घडतं. त्या कप्प्यांत आणि बर्फाच्या तळाशी डायटम नावाचे काचेच्या कवचाचे एकपेशीय जीव वाढतात. वसंत ऋतूत बर्फाची खालची बाजू त्यांच्यामुळे तपकिरी दिसते.

बाहेर टाकलेल्या त्या तीव्र खाऱ्या पाण्याची कथा याहून मोठी आहे. अंटार्क्टिकच्या किनाऱ्यावर जोरदार वारे नवा बर्फ सतत समुद्रात ढकलतात आणि मोकळ्या झालेल्या पाण्यावर पुन्हा बर्फ धरतो. प्रत्येक वेळी मीठ खाली उतरतं. किनाऱ्यालगतचं पाणी इतकं जड होतं की उतारावरून घसरत महासागराच्या तळाशी जातं. वेडेल समुद्र, रॉस समुद्र, अडेली किनारा आणि केप डार्नली ही त्याची मुख्य उगमस्थानं. केप डार्नली प्रिड्झ उपसागराच्या पश्चिमेला येतं, आणि त्याच उपसागराच्या काठावर लार्समन टेकड्यांवर भारताचं ‘भारती’ हे केंद्र २०१२ पासून आहे. मुलांना हे नकाशावर दाखवा. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम १९८१ साली निघाली. तिचे नेते सय्यद झहूर कासिम हे समुद्री जीवशास्त्रज्ञ होते, हेही सांगा.

पायरी चौथी: आलेखाचा कागद

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मी पूर्ण दोन तास देतो. नॉर्वेच्याच ब्यॉर्न हेलांड-हान्सेननं १९१६ साली सुचवलेली ही रीत आहे. आडव्या अक्षावर क्षारता (एका किलो पाण्यामागे किती ग्रॅम क्षार), उभ्यावर तापमान, आणि प्रत्येक नमुन्यासाठी एक ठिपका. आडवा अक्ष ३१.५ ते ३५.५ आणि उभा उणे २ ते ५ असा घ्या.

आधी आर्क्टिकचे ठिपके मांडा. आकडे ढोबळ, ठरावीक नमुन्याचे समजा. वरचं ध्रुवीय पाणी: क्षारता ३२, तापमान उणे १.५. स्वालबार्ड या नॉर्वेच्या उत्तरेकडच्या बेटांच्या पश्चिमेकडून वर येणारं अटलांटिक पाणी: क्षारता ३५, तापमान ४. खोल आर्क्टिकचं पाणी: ३४.९, उणे ०.८. पहिल्या दोन पाण्यांच्या घनतेत घनमीटरमागे सुमारे दोन किलोंचा फरक येतो. ऐकायला तो क्षुल्लक वाटतो, पण समुद्रभर रजई टिकून राहते ती एवढ्याच फरकावर.

मग वेगळ्या रंगानं अंटार्क्टिकचे मांडा. हिवाळ्यात थंड होऊन उन्हाळ्यात वरच्या थराखाली उरलेलं हिवाळी पाणी: ३४.३, उणे १.७. खोलवरून वर येणारं, अंटार्क्टिकाभोवती फिरणारं पाणी: ३४.७, अधिक १.२. तळाचं पाणी: ३४.६६, उणे ०.५. शेवटचे दोन ठिपके क्षारतेत किती जवळ आहेत ते दाखवा. नुसत्या मिठावर गेलात तर दोन वेगळी पाणी एकच समजून बसाल.

आता मिसळण. ३२ आणि ३५ वाले दोन ठिपके पट्टीनं जोडा. ही दोन पाणी कुठल्याही प्रमाणात मिसळली तरी ठिपका या रेषेवरच पडतो. अर्धं-अर्धं घेतलं तर ३३.५ आणि १.२५. तीन भाग अटलांटिक आणि एक भाग ध्रुवीय घेतलं तर ३४.२५ आणि साधारण २.६. मुलांना आधी गणित करू द्या, मग आलेखावर तपासू द्या.

नंतर दोन अनोळखी नमुने द्या. नमुना क: क्षारता ३३.८, तापमान १.८. नमुना ख: क्षारता ३३.८, तापमान उणे १. पहिला रेषेवर बसतो. ३२ पासून १.८ पुढे गेलो, एकूण अंतर ३, म्हणजे ६० टक्के अटलांटिक पाणी. दुसऱ्यातही मीठ तेवढंच, पण ठिपका रेषेच्या बराच खाली. मग त्याची उष्णता गेली कुठे? एक तर बर्फ वितळवण्यात किंवा हवेत गेली, किंवा यात तिसरं एखादं पाणी मिसळलं आहे. हे दोन्ही पर्याय मुलांकडून येईपर्यंत थांबा. उत्तर सांगून टाकलं की धडा संपतो.

प्रत्यक्ष पडताळणी गावच्या पाण्यावर करा. विहिरीच्या पाण्याचे तीन ग्लास आणि नळाचा एक मिसळून टीडीएस मोजा. हिशेबानं आलेल्या आकड्याच्या जवळ येतं. तापमानाचा हिशेब मात्र थोड्या वेळात बिघडतो, कारण ग्लास आणि हवा त्यात लुडबुड करतात. खोल समुद्रात ती लुडबुड नसते, म्हणून तिथे तापमानही खुणेसारखं वापरता येतं.

पायरी पाचवी: या पाण्यात खायला काय आहे?

आता जीव आणा, पण खताच्या वाटेनं. वनस्पतिप्लवकांना उजेड लागतो, नायट्रेट आणि फॉस्फेट लागतं. डायटमना कवचासाठी सिलिकेटही लागतं. लोह अगदी थोडं पुरतं, पण तेवढं नसेल तर बाकी सगळं असून उपयोग नाही. वरूड-मोर्शीकडच्या संत्रा बागायतदाराला हे समजावावं लागत नाही. पानं पिवळी पडली की तो युरियाचं पोतं उघडण्याआधी सूक्ष्म अन्नद्रव्याची फवारणी आठवतो.

प्रत्येक जलराशी आपापली शिदोरी घेऊन येते. बेरिंगच्या सामुद्रधुनीतून आर्क्टिकमध्ये शिरणारं पॅसिफिक पाणी सिलिकेटनं भरलेलं असतं, पण फॉस्फेटच्या मानानं त्यात नायट्रेट कमी पडतं. अटलांटिक पाण्यात उलट: नायट्रेट बऱ्यापैकी, सिलिकेट त्याच्या जवळपास निम्मं. परिणाम असा की अटलांटिक पाण्यात वसंतातला डायटमचा बहर सिलिकेट संपल्यावर ओसरतो, आणि मागे नायट्रेट उरलं असेल तर फिओसिस्टिस नावाचं शैवाल, ज्याला काचेचं कवच लागत नाही, ते चिकट गोळ्यांच्या वसाहती करून पुढे येतं.

दक्षिण महासागरात मुख्य टंचाई लोहाची. खोल पाणी जिथे वर येतं तिथे नायट्रेट मुबलक असतं, तरी पाणी हिरवं होत नाही. २००९ साली गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं आणि जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेनं मिळून ‘लोहाफेक्स’ हा प्रयोग केला. अटलांटिकच्या दक्षिण टोकाकडच्या समुद्रात ३०० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात फेरस सल्फेट सोडलं. आपण ज्याला हिराकस म्हणतो तेच ते. शैवाल वाढलं, पण डायटमचा मोठा बहर आला नाही, कारण त्या पाण्यातलं सिलिकेट आधीच संपलेलं होतं. चाबकासारखी शेपटी असलेल्या लहान (कशाभधारी) पेशी वाढल्या आणि प्राणिप्लवकांनी त्या खाऊन टाकल्या. खत टाकलं, पण जमिनीत आधी काय उरलंय ते पीक ठरवून गेलं. मला हा प्रयोग शिकवायला फार आवडतो, कारण पाण्याचा मागचा इतिहास त्यात उघडा पडतो.

रजईचा परिणामही इथेच जोडा. वर गोडसर थर पक्का बसला की पेशी उजेडात राहतात, पण खालची शिदोरी वर येत नाही. अशा वेळी कोण टिकतं? एक गुळाचा खडा आणि तेवढ्याच वजनाची गुळाची पूड पाण्यात टाकून दाखवा. पूड आधी विरघळते, कारण तिचा पृष्ठभाग जास्त. लहान पेशीलाही असाच फायदा असतो. आकाराच्या मानानं पृष्ठभाग मोठा, म्हणून पातळ झालेलं अन्न तिला ओढून घेता येतं. कॅनडाच्या बाजूच्या आर्क्टिक खोऱ्यात २००४ ते २००८ या काळात वरचं पाणी गोड होत गेलं, तसे दोन मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान शैवाल आणि जिवाणू वाढले आणि त्याहून मोठ्या पेशी घटल्या.

अंटार्क्टिकच्या रॉस समुद्रात याची दुसरी बाजू दिसते. बर्फ वितळून जिथे उथळ, स्थिर थर बनतो तिथे डायटम. जिथे वारा पाणी खोलवर घुसळतो आणि उजेड कमी-जास्त होत राहतो तिथे फिओसिस्टिस. तोच समुद्र आणि तोच ऋतू असूनही असा फरक पडतो. शेताचं तसंच आहे. लव्हाळा माजला की पाणी साचतं हे आपण तणावरून ओळखतो.

पायरी सहावी: जिवाणूंकडे

एका मिलिलिटर समुद्राच्या पाण्यात साधारण लाखापासून दहा लाखांपर्यंत जिवाणू असतात. ध्रुवांवरही. ते डोळ्यांना दिसत नाहीत, साध्या सूक्ष्मदर्शकात ओळखूही येत नाहीत. म्हणून शास्त्रज्ञ जहाजावरून बाटल्यांचं चक्र खाली सोडतात, ठरलेल्या खोलीवर बाटल्या बंद करतात, पाणी ०.२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळतात आणि गाळणीवर उरलेल्या पेशींचं डीएनए वाचतात. त्याच चक्रावरचं यंत्र तापमान आणि क्षारता नोंदवत असतं. म्हणजे प्रत्येक जिवाणूच्या नावाशेजारी आपल्या आलेखावरचा ठिपका असतोच.

काय दिसतं? वरच्या थरात डायटमचा बहर आला की पोलारिबॅक्टरसारखे जिवाणू वाढतात. शैवालांनी सोडलेल्या साखरेच्या लांब साखळ्या तोडून खाणं हे त्यांचं काम. सार-११ हा गट जवळपास सगळीकडे असतो: अतिशय लहान पेशी, आटोपशीर जनुकसंच, आणि विरळ अन्नावर जगण्याची सवय. अंधाऱ्या हिवाळ्यात आणि खोल पाण्यात अमोनियापासून ऊर्जा मिळवणारे आर्किया, म्हणजे जिवाणूंसारखेच दिसणारे पण वेगळ्या कुळातले एकपेशीय जीव, पुढे येतात. सार-२०२ आणि सार-३२४ हे गट खोल पाण्यात ठळक होतात. आणि उष्ण समुद्रांत अब्जांनी आढळणारा प्रोक्लोरोकोकस ध्रुवीय पाण्यात जवळपास नसतोच. त्याचा नातलग सिनेकोकोकस आर्क्टिकच्या दारात दिसला तर अटलांटिक पाण्यासोबत तो आला असण्याची शक्यता आधी तपासावी.

इथे मुलांना लोणार आठवून द्यावं. बुलढाण्यातच आहे, बऱ्याच जणांनी पाहिलेलं असतं. पाऊस तोच, ऊन तेच, पण उल्कापातानं झालेल्या खळग्यातलं पाणी अत्यंत अल्कधर्मी आणि खारं, म्हणून तिथली सूक्ष्मजीवांची वस्ती शेजारच्या कुठल्याही तलावापेक्षा निराळी. जून २०२० मध्ये ते गुलाबी झालं तेव्हा मिठात जगणारे आर्किया त्याला कारण असल्याचं तपासणीत निघालं.

पायरी सातवी: जीव इथे वाढला, की वाहत आला?

हा प्रश्न सोडून देऊ नका, कारण घाईचे निष्कर्ष इथेच निघतात. १९३४ साली डच शास्त्रज्ञ बास बेकिंगनं मांडलं होतं की सूक्ष्मजीव सगळीकडे पोचतात, परिस्थिती त्यांतले निवडते. तसं असेल तर तापमान, मीठ आणि अन्न सारखं असलेल्या दोन जागांवर सारखेच जीव दिसायला हवेत. प्रवाहाचा हात असेल तर एकाच प्रवाहानं जोडलेल्या जागा दूर असूनही सारख्या दिसाव्यात, आणि जवळच्या पण न जोडलेल्या जागा वेगळ्या. आर्क्टिकच्या खोल पाण्यावर २०१० साली आणि दक्षिण महासागरावर २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत पाण्याच्या हालचालीचा ठसा स्पष्ट निघाला. दक्षिण महासागरात तर अंतर आणि परिस्थितीचा परिणाम वजा केल्यावरही प्रवाहाचा वाटा शिल्लक राहिला.

वर्गात मी हे चार गावांवर मांडतो. दोन गावं एकाच कालव्यावर पण वीस किलोमीटर दूर, दोन गावं शेजारी पण वेगळ्या पाण्यावर. कालव्याचं गवत कुठल्या गावांत सारखं सापडेल? उत्तर आल्यावर पुढचा प्रश्न विचारायचा: आणि जमीन सारखी असल्यामुळे सारखं उगवणारं गवत कोणतं? दोन याद्या वेगळ्या करायला लावा.

एक सावधगिरी. खोल पाण्यात डायटमचं डीएनए मिळालं म्हणून डायटम तिथे जगतो असं नाही. वरून मेलेल्या पेशी बुडत येतात. सापडणं आणि नांदणं यांत फरक करायला शिकवा.

आणि परिणाम पुढच्या पायरीवर कुठे जातो ते स्वालबार्डच्या कोंग्सफ्योर्डवर दाखवा. भारताचं ‘हिमाद्री’ केंद्र २००८ पासून त्याच्या काठी आहे. त्या खाडीत २०१४ साली गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राच्या पुढाकारानं ‘इंडआर्क’ नावाची नोंदयंत्रांची साखळी पाण्याखाली बसवली. खाडीच्या तोंडातून अटलांटिक पाणी आत येतं, आतल्या टोकाकडून हिमनद्यांचं वितळलेलं पाणी. २००६ नंतर अटलांटिक पाण्याचा जोर वाढला तसा हिवाळ्यातला बर्फही कमी झाला. त्या पाण्याबरोबर कॅलॅनस फिनमार्किकस हा छोटा प्राणिप्लवक येतो. थंड पाण्यातला त्याचा भाऊबंद कॅलॅनस ग्लेशियालिस मोठा आणि कित्येक पटींनी चरबीदार असतो. पिलांना भरवणारा छोटा ऑक पक्षी त्यालाच निवडतो. पाणी बदललं की पक्ष्याची घिरटी लांबते.

पायरी आठवी: खरे आकडे आणि आपली बाटली

इंटरनेट असलेल्या संगणकावर अर्गो तरंगकांची माहिती फुकट मिळते. जगभर सुमारे चार हजार तरंगक आहेत. ते दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारतात आणि साधारण दर दहा दिवसांनी वर येऊन तापमान-क्षारतेची नोंद पाठवतात. भारतात हे काम हैदराबादची इन्कॉइस संस्था पाहते. दक्षिण महासागरातली एक नोंद घ्या आणि मुलांना हातानंच आलेखावर मांडू द्या. वाकडीतिकडी रेघ येईल. तिचा एक कोपरा हिवाळी पाण्याकडे, दुसरा खोल उबदार पाण्याकडे वळलेला दिसेल. ‘ओशन डेटा व्ह्यू’ हे फुकट सॉफ्टवेअर हेच क्षणात करतं, पण ते दुसऱ्या वर्षी शिकवा. उपग्रहाचे हिरवेपणाचे नकाशे दाखवायचे तर आधी सांगा की ध्रुवीय रात्र आणि ढगांमुळे मोठे भाग कोरे असतात. कोरा भाग म्हणजे प्लवक नाहीत असा अर्थ काढू नये.

शेवटी गावातलेच नमुने. विहीर, शेततळं, नाला, आणि पूर्व विदर्भात असाल तर मामा तलाव किंवा बोडी. प्रत्येकी एक लिटर पाण्यात टिंक्चर आयोडीनचे काही थेंब टाका, चहासारखा फिकट रंग आला की थांबा. बाटल्या रात्रभर हलवू नका. सकाळी वरचं पाणी अलगद काढा आणि तळाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली घ्या. मनू प्रकाश यांच्या गटानं बनवलेला कागदी फोल्डस्कोपही चालतो. डायटमची नक्षीदार कवचं दिसली की वर्ग शांत होतो. आधी चित्र काढायचं, नाव नंतर शोधायचं. काम झालं की हात धुवायचे आणि ते पाणी कुणी पिणार नाही अशा जागी ओतायचं.

बाटलीवर चिठ्ठी लावताना एक शिस्त पाळा. पाणी कुठून आलं हे सगळ्यात वर लिहायचं: पावसाचं, झऱ्याचं, कालव्याचं की जमिनीखालचं. त्याखाली खोली, तापमान आणि टीडीएस. मग तारीख आणि वेळ. गावाचं नाव शेवटच्या ओळीत.